सारजी

बद्रुन्निसानं पिळलेलं लुगडं झटकून दोरीवर टाकलं, दुसरं घमेल्यातून उचललं, आणि तेवढ्यात पडवीतून तो शब्द तिच्या कानावर आला. लुगडं तिच्या हातातच राहिलं. पाणी कोपरापर्यंत ओघळून पोलक्याची बाही भिजली तरी तिला भान नव्हतं.

पडवीत सतरंजीवर प्राध्यापक ढमाले मांडीवर वही घेऊन बसले होते. मूळचे मुळशी खोऱ्यातलेच, पण आता पुण्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवत. रंगांची नावं गोळा करायचा नाद त्यांना लागला होता. आज बाजाराचा दिवस गाठून ते पहिल्या एस.टी.नं पौडला उतरले आणि थेट फकरुद्दीन रंगाऱ्याचं घर विचारत आले. पुण्याहून एवढा शिकलेला माणूस रंगाऱ्याला शब्द विचारायला आलाय म्हटल्यावर फकरुद्दीनलाही हुरूप चढला होता. किरमिजी कशाला म्हणतात, तर त्या नावाचा किडा वाळवून कुटत, त्यावरून. मोरचुदी म्हणजे मोरचुदाचा, आमसुली म्हणजे आमसुलाचा, पारवा म्हणजे पारव्याच्या मानेचा नव्हे, पाठीचा. इतकं सलग बोलताना बद्रुन्निसानं आपल्या नवऱ्याला उभ्या संसारात ऐकलं नव्हतं. मागच्या अंगणात लुगडी पिळता पिळता तिला हसू येत होतं. ते हसू आता पार गेलं.

"हा एक शब्द मला कुठल्याच कोशात मिळत नाही," ढमाले म्हणत होते. "सारजी. पण भऱ्यापासून माल्यापर्यंत गावोगावच्या सगळ्या बाया बोलतात. भऱ्यात तर मला त्याची शिवीसुद्धा मिळाली. दोन पोरी नळावर भांडत होत्या, एक दुसरीला म्हणाली, सारजी नेसशील! म्हणजे नवरा मरेल तुझा. काय जबरदस्त शब्द आहे, पाहा. कुठून आला हा?"

फकरुद्दीन हसला नाही.

"असतोय एक रंग," तो म्हणाला. "काळ्यात घालत्यात त्यो हिराकस जास्ती पडला म्हंजी व्हतो."

"रंग कळला. पण नाव?"

"त्ये राहू द्या, सायेब. म्होरलं इचारा."

बद्रुन्निसाचा जीव जळाला. पुण्याच्या पाहुण्यासमोरसुद्धा यांच्या तोंडाला कुलूप! सकाळपासून पारव्याची मान आणि पाठ चालली होती, आणि त्या सारजेचं नाव निघालं की 'म्होरलं इचारा'.

सारजा भऱ्याची. बावीस वर्षं झाली त्याला. नवरा पान लागून, साप चावून गेला आणि वर्ष व्हायच्या आत ती लग्नातलं हिरवं लुगडं बगलेत मारून रंगाऱ्याच्या दारात उभी राहिली. विशीतली पोर, कपाळ कोरं, हात मोकळे, आणि तरी बघत राहावं अशी. बद्रुन्निसाला तेव्हा तिसरा महिना होता, अन्नाचा वास सहन होत नव्हता, आरशात बघावंसं वाटत नव्हतं. फकरुद्दीननं ते हिरवं लुगडं दोन्ही हातांत घेतलं, उन्हात धरलं, उलटंपालटं करून पाहिलं. कुठलंही लुगडं तो एका दिवसात रंगवून मोकळं करायचा. याला चार दिवस लागले. दुसऱ्या दिवशी तर भाकर वाढून ठेवली ती तशीच वाळली आणि हा माणूस भट्टीपुढून हलला नाही. चौथ्या दिवशी लुगडं दोरीवर आलं. सावलीत राखेसारखं दिसे, पण ऊन पडलं की आतून हिरवं वर येई. ज्यांना हिरवं नेसायची बंदी आणि काळं नेसायला मन होत नाही, अशा बायांसाठीच जणू ते केलं होतं. कुणाला बोट ठेवायला जागा नाही आणि नेसणारीला मात्र आपलं हिरवं सापडतं. बद्रुन्निसासाठी त्यानं असा रंग कधी काढला नव्हता. निकाहाच्या ओढणीलासुद्धा बाजारातल्या पुडीतला गुलाबी चालला होता.

मग वर्षभरात खोऱ्यातल्या साऱ्या रांडव बाया येऊ लागल्या. सारजी करून द्या. त्यांच्या मागून म्हाताऱ्या आल्या. रंग सारजी, बाई सारजा, आणि रंगारी तिचा स्वतःचा नवरा. बाजारच्या दिवशी दहा तोंडांतून ते नाव तिला ऐकावं लागे, आणि दर खेपेला कुणीतरी पोटात कोळसा ठेवल्यागत व्हायचं.

एवढंच असतं तरी तिनं गिळलं असतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिच्या ध्यानात आलं की सगळं खोरं सारजी म्हणतं, एकटा फकरुद्दीन म्हणत नाही. 'त्यो रंग' म्हणेल, 'हिराकसाचा' म्हणेल, 'ती दोन बाजूला ठेव' म्हणेल, पण सारजी हा शब्द त्याच्या ओठावर यायचा नाही. आता बद्रुन्निसा काही दूधखुळी नव्हती. आपल्या माणसाचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती स्वतः जन्मात फकरुद्दीन म्हणाली नव्हती. अमजदचे अब्बा म्हणे. बाजारपेठेत दुसरा एक फकरुद्दीन होता, त्यालाही ती 'पलीकडचे मिस्त्री' म्हणे. नाव कुणाचं टाळतात ते तिला पक्कं ठाऊक होतं. इतकी खात्री तिला दुसऱ्या कशाचीच नव्हती.

तिनं विचारलं मात्र कधी नाही. विचारलं आणि त्यानं मान खाली घातली, तर मग काय करायचं? त्यापेक्षा ती त्या लुगड्यांना चार पिळे जास्त द्यायची. सारजाबाई आली तर पाणी द्यायची, चहा नाही. पुढं पुढं सारजाबाई यायचीच बंद झाली, गेल्या दहा वर्षांत पौडात फिरकली नाही. बद्रुन्निसानं तोही पुरावा धरला. मनात काही नसतं तर उजळ माथ्यानं आली असती!

ओले हात पदराला पुसत ती पडवीच्या दारात येऊन उभी राहिली.

"सांगा की," ती म्हणाली. "सायेब एवढ्या लांबनं आल्यात. वहीत जाऊ द्या की तिचं नाव. जन्माचं ऱ्हाईल."

ढमाल्यांनी मान वर केली. "भाबी, तुम्हाला ठाऊक आहे का हे नाव कसं पडलं?"

"मला कुटलं ठाव असायला? रंग ह्यांनी काढला, नाव ह्यांनी ठिवलं."

फकरुद्दीन तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या बोटांच्या कडा हिराकसानं कायमच्या काळ्या झाल्या होत्या. तो अंगठ्यानं त्या चोळू लागला.

"म्या न्हाई ठिवलं," तो म्हणाला.

"मग कुनी?"

"तू."

ढमाल्यांची पेन्सिल वहीवर टेकली होती ती तशीच राहिली.

"काय बी बोलू नका, अमजदचे अब्बा."

"अमजद पोटात हुता तुझ्या," फकरुद्दीन हळू आवाजात म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून तिला जास्त भीती वाटली. "बाजाराचा दिस. त्येच लुगडं दोरीवर हुतं. बेलावड्याची धोंडाबाई म्हनली, ह्यो कसला गं रंग? तू तितं कोळसं फोडत बसली हुतीस. म्हनलीस, 'कसला म्हंजी? सारजी रंग! आमच्याकडं आता सारजीच मिळतोय, बाकीच्यांनी काळं नेसा.' चार बाया हुत्या. लई हसल्या. फुडल्या बाजाराला त्यातल्या दोघी आल्या, सारजी करून दे म्हनत."

खोटं आहे, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण कोळसे खरे होते. मोठा खडा फुटेना म्हणून तिनं त्यावर पाटा घातला होता. बाया हसल्या तेही खरं होतं, आणि त्या हसण्यानं आपल्याला किती बरं वाटलं होतं तेही तिला आठवलं. आपल्या बाजूनं कुणीतरी हसलं म्हणून त्या दिवशी ती पोटभर जेवली होती. राग तिला दिवसासकट ध्यानात राहिला होता. त्या रागात आपण काय बोललो, तेवढंच विसरायला झालं होतं.

"आन् चार दिस?" तिनं विचारलं. बावीस वर्षं दाबून ठेवलेला प्रश्न परक्या माणसासमोर बाहेर पडला आणि तिला तो आवरता आला नाही. "चार दिस काय करत हुतात त्या लुगड्याला? जेवला बी न्हाई तुमी."

फकरुद्दीन ओशाळला. त्यानं ढमाल्यांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"काळं करायचं हुतं," तो म्हणाला. "तिनं काळंच मागितलं हुतं. पर गिरनीचा हिरवा, पक्का. वर काळा धरंना. हिरडा घातला, हिराकस घातला, पुन्यांदा उकळलं, तरी आतनं हिरवं दिसतंयच. चौथ्या दिशी हात टेकलं. तिला म्हनलं, बाई, न्हाई जमलं मला, हाय असं घिऊन जा. पैसं बी घेतलं न्हाईत." ढमाल्यांकडे वळून तो म्हणाला, "रंगाऱ्याला ह्ये सांगाया लाज वाटती, सायेब."

"म्हणजे फसलेला काळा!" ढमाले खूश होऊन लिहू लागले. मग दोघांचे चेहरे बघून त्यांनी लिहिणं थांबवलं.

"मग नाव का घेत न्हाई तिचं तुमी?" बद्रुन्निसाचा आवाज आता बारीक झाला होता. "सगळी म्हनत्यात. तुमीच का न्हाई?"

फकरुद्दीन पुन्हा बोटांच्या कडा चोळू लागला. बाहेर बाजाराचा गलका होता, एस.टी. स्टँडवर गाडी लागल्याचा आवाज आला. आता हा माणूस पुन्हा कुलूप घालतो, असं तिला वाटलं.

"तू तळेगावला माहेरी गेली हुतीस," तो म्हणाला. "अमजद चालाया लागला हुता तवा. ती आली. हितं, तू हुबी हायस तितंच हुबी ऱ्हायली. बसली न्हाई. म्हनली, भाऊ, पोरी भांडत्यात तवा माझं नाव घेत्यात. सासवा सुनांना माझ्या नावानं शाप देत्यात. मी काय शिवी हाय का? माझं नाव तेवढं उचला त्या रंगावरनं. म्या म्हनलं, बाई, त्ये माझ्या हातात न्हाई, पर माझ्या तोंडातनं पुन्ना यायचं न्हाई. तेवढंच माझ्या हातात हुतं."

"आन् बाजाराला ती फिरकत न्हाई..."

"बाजारात हुबं ऱ्हायलं की कुटनं तरी ऐकू येतंयच. म्हनून न्हाई येत. तेल-मीठ शेजारनीकडनं मागवती."

बद्रुन्निसा उंबऱ्यावर खाली बसली.

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? बोललेलं माघारी येत न्हाई. तुझ्याच जिवाला लागलं असतं." तो उठला, कोपऱ्यातल्या मडक्यातलं पाणी पेल्यात ओतून त्यानं तिच्यापुढं ठेवलं. "कुनी ठिवलं, त्ये तिला बी ठाव न्हाई. म्या सांगितलं न्हाई."

तिनं पेला हातात धरला, पण ती प्यायली नाही. लाजेनं तिचे कान तापले होते. बावीस वर्षं ती जिच्यावर जळत आली, तिच्यापाशी हेवा करण्याजोगं काही नव्हतंच. चार दिवसांची माया नव्हती, चोरटा जिव्हाळा नव्हता. होतं ते एक फसलेलं लुगडं, आणि बद्रुन्निसानं लावलेला डाग. कपड्यावरचा डाग कसा काढायचा हे या घरात सगळ्यांना येत होतं. नवऱ्यानं इतकी वर्षं जे सांभाळलं ते सारजेचं नाव नव्हे, स्वतः बद्रुन्निसाचंच नाव सांभाळलं होतं. ते कळल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. तिला रडू आलं, पण पाहुण्यासमोर तिनं ते येऊ दिलं नाही.

"सायेब," ती म्हणाली, "वहीतलं त्ये खोडा."

"मी खोडीन, भाबी," ढमाले ओशाळून म्हणाले. "पण बायांच्या तोंडातलं कोण खोडणार?"

"मग दुसरं नाव लिवा. कायबी चांगलंसं. तुमी शिकल्याली मानसं."

"मी लिहिलेलं नाव कोण बोलतंय? शब्द असे सांगून रुजत नाहीत. आम्ही पंडित लोक वर्षानुवर्षं चांगली चांगली नावं सुचवतो, कुणी ढुंकून बघत नाही. आणि कुणी चिडून, कुणाची टर उडवून काही बोललं की ते वाऱ्यासारखं पसरतं." ते स्वतःशीच हसले. "मी इतकी नावं गोळा केली, पण कुणाचं भलं करायला म्हणून पडलेलं एकही नाही मिळालं."

फकरुद्दीननं चहा टाकायला सांगितलं. ती आत गेली, स्टो पेटवला, आधण ठेवलं. चिडून, टर उडवून बोललेलंच वाऱ्यासारखं पसरतं, हे ढमाल्यांचं बोलणं तिच्या डोक्यात घोळत होतं. चहा उतू जाऊन स्टो विझला, तेव्हा कुठं तिनं भांडं उतरवलं.

कपबशा घेऊन ती पडवीत आली आणि त्याच वेळी बाहेरून हाक आली. भरल्या बाजारातून वाट काढत सगुणाबाई येत होती, काखेत बोचकं, मागं तिच्या गावच्या दोघी. सगुणाबाई म्हणजे खोऱ्यातलं बोलतं वर्तमानपत्र. तिच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळच्या गाडीनं गावोगाव उतरायची.

"भाबी, सासूचं लुगडं हाय," सगुणाबाईनं बोचकं ओट्यावर टाकलं. "सारजी करून द्या. उनात हिरवं दिसणारं नगं, जरा गडद."

बद्रुन्निसानं कपबशा खाली ठेवल्या. एकदा तिनं फकरुद्दीनकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि कमरेवर हात ठेवला.

"सारजी न्हाई मिळत हितं."

"आं? परवाच तर आमच्या जावंनं नेलं की."

"परवाचं परवा!" बद्रुन्निसाचा आवाज चढला. समोरच्या किराणा दुकानातल्या माणसांनी माना वळवल्या. "बोटं सोलवटत्यात आमची, हात काळं हुत्यात आमचं, आन् नाव कुनाचं, तर त्या भऱ्याच्या सटवीचं? रंग कुनी काढला? माझ्या मालकानं! मग तिचं नाव कशापायी? माझं का न्हाई? आजपासनं बद्री म्हनायचं. बद्री! ज्येला बद्री म्हनाया जमल त्येनं लुगडं टाकावं, न्हाईतर खुशाल काळं नेसावं!"

सगुणाबाई आ वासून बघत राहिली. मग तिनं मागच्या दोघींकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला, आणि तिघींनाही हसू फुटलं.

"अगं बया बया! लेकीला पोरगं झालं, आजी झालीस, तरी जळतीस व्हय अजून?"

"जळतीया! बावीस वर्सं जळतीया. काय म्हननं हाय?"

"काय न्हाई बाई. पर रांडवेचा रंग त्यो." सगुणाबाईनं आवाज खाली आणला. "तुजा धनी समोर बसलाय की. असल्या रंगाला आपलं नाव कुनी लावून घेतं का?"

बद्रुन्निसानं नवऱ्याकडे पाहिलं. मघाशी ढमाले बोलत होते तेव्हा ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती असं नाही. फकरुद्दीन सतरंजीवर मान खाली घालून बसला होता. त्याचा चहा निवत होता. त्यानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि कप उचलला.

"असंना का," ती म्हणाली. "माझंच लागलं पायजे."

"खुळी झाली ही!" सगुणाबाई पुन्हा हसत सुटली. "बरं बाई, बद्री तर बद्री. कवा देशील?"

"फुडल्या बाजाराला."

तिघी बाहेर पडल्या. किराणा दुकानाच्या फळीपाशीच त्या थांबल्या, आणि सगुणाबाई हातवारे करून सांगू लागली. दुकानदार गदागदा हसला. भाजीवालीनं काय झालं म्हणून विचारलं, तिलाही सांगितलं गेलं. रंगाऱ्याची बायको म्हातारपणी सवतीवर पेटली! एवढी चविष्ट गोष्ट बाजारात कित्येक दिवसांत आली नव्हती. ढमाल्यांनी वही उघडली, मिटली, आणि तशीच पिशवीत टाकली.

हशा बाजारातून एस.टी. स्टँडकडे सरकत गेला. बद्रुन्निसा ओट्यावर बसून ऐकत होती. वळणावर दोन पोरींची गाडीत जागा धरण्यावरून जुंपली होती, आणि त्यातली एक हसत हसतच दुसरीला ओरडली, "बद्री नेसशील!"

फकरुद्दीननं ते ऐकलं. बद्रुन्निसानंही ऐकलं. तिनं सगुणाबाईचं बोचकं सोडलं, लुगड्याच्या टोकाला खुणेची गाठ मारली, आणि हिराकस भिजत घालायला ती मागच्या अंगणात गेली.